नुसतं लोटलेलं दार

अशोक भावजी स्क्रूड्रायव्हर घेऊन माझ्या खोलीच्या दाराशी उकिडवे बसले होते आणि कडीचा एकेक स्क्रू काढून शर्टाच्या खिशात टाकत होते. मी पलंगाच्या कडेला बसून ते बघत होते. त्यांनी एकदाही मान वर करून माझ्याकडे पाहिलं नाही.

"राग मानू नका वैनी," शेवटचा स्क्रू निघाल्यावर ते म्हणाले. "आईनं सांगितलंय."

"न्हाणीची पण काढलीत का?"

"सकाळीच काढली."

कडी हातात घेऊन ते उठले आणि दार सताड उघडं ठेवून जिना उतरून गेले.

अशोक भावजी माझे धाकटे दीर. माझे मालक, उत्तम, मिरजेच्या दवाखान्यात तापानं गेले त्याला तेव्हा महिनाही झाला नव्हता. इचलकरंजीत आमचं घर, खाली चार मागांचा कारखाना आणि वर राहायच्या तीन खोल्या. सासरे मी सून म्हणून येण्याआधीच गेलेले. घरात मी, माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, आणि लग्न व्हायचे असलेले अशोक भावजी, एवढीच माणसं. मूलबाळ नव्हतं. पण हे गेल्यापासून त्या तीन खोल्यांत मी कधी सातआठच्या खाली माणसं पाहिली नव्हती.

कडी काढायचं निमित्त मीच दिलं होतं.

मी लहानपणापासून मुखदुबळी. पाहुणे आले की माळ्यावर जाऊन बसायची आणि ते गेल्यावर उतरायची. आई म्हणायची, हिचं सासरी कसं व्हायचं! पण सासरी माझं छान झालं. कारखान्यात माग चालू असले की कुणाला बोलताच यायचं नाही. सगळा कारभार खुणांनी. मी सुताच्या कांड्या भरायची, हे माग बघायचे, आणि दिवसभरात आमच्यात दहा शब्द झाले तर झाले. लोकांना त्या खडखडाटानं डोकं उठतं म्हणे. मला त्याच्याइतकी शांतता कुठं मिळाली नाही. संध्याकाळी माग बंद झाले की आम्ही दोघं गच्चीवर जाऊन बसायचो. तिथंही बोलणं नाहीच. हे कधी म्हणायचे, "मालन, बरं वाटतंय का?" मी मान हलवायची. झालं.

तो माणूस गेला, माग बंद झाले, आणि घर माणसांच्या बोलण्यानं भरून गेलं.

येणारी प्रत्येक बाई उंबऱ्यातच गळा काढायची आणि माझ्या गळ्यात पडायची. मी तशीच उभी राहायची. मग ती बाजूला होऊन माझ्या डोळ्यांकडे बघायची आणि दुसरीच्या कानाला लागायची. "टिपूस न्हाई गं डोळ्याला. रडवा तिला. आत ऱ्हायलं की डोक्यात जातंय." मग रडवायचे प्रयत्न सुरू व्हायचे. कुणी ह्यांचा फोटो आणून मांडीवर ठेवायची, कुणी त्यांचा सदरा. मला रडायचं नव्हतं असं नाही. छातीत दगड भरल्यासारखं व्हायचं, घशापर्यंत यायचं, आणि समोर सात तोंडं वाट बघत बसलेली दिसली की तिथंच थिजायचं.

रात्री मला आत्याबाई आणि शकू वन्सं यांच्या मधे झोपवायचे. शकू वन्सं म्हणजे माझी नणंद, इस्लामपूरला दिलेली, दुखवट्याला येऊन राहिलेली. झोपेत कूस बदलली तरी कुणाचा तरी हात अंगावर यायचा. संडासला गेले तरी बाहेर कुणी उभी. आणि आत्याबाई तर मला क्षणभर नजरेआड होऊ देत नसत. मी भाजी निवडायला घेतली की समोर येऊन बसत. मी उठून खिडकीशी गेले की तिथं.

एकदा मनात आलं, सरणावर माणूस एकटा असतो. त्या विचाराची भीती वाटायला हवी होती. मला ह्यांचा हेवा वाटला. मग मात्र मी घाबरले, आणि सगळा धीर गोळा करून शकू वन्संना म्हणाले, "वन्सं, मला जरा वेळ एकटीला बसू द्या. दार लावून."

उभ्या जन्मात मी कुणाकडं स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. ते पहिलं.

वन्संचा चेहरा पांढराफटक पडला. शेजारच्या तायव्वाकाकू तिथंच बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "माझ्या भाचीनं बी असंच म्हटलं हुतं. दार लावून बसतो म्हणून. दुसऱ्या दिवशी हिरीत गावली."

झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीची कडी गेली, दुपारी खोलीची. स्वयंपाकघरातली विळी माळ्यावर गेली. रॉकेलचा डबा तायव्वाकाकूंच्या घरी गेला.

मी अंघोळ करायची तेव्हा शकू वन्सं दाराला पाठ लावून बाहेर बसायच्या आणि पाण्याचा आवाज थांबला की विचारायच्या, "वैनी, झालं?" तांब्यातलं पाणी अंगावर घेऊन क्षणभर डोळे मिटून बसावं, तेवढीही सोय राहिली नाही. मी एका हातानं पाणी ओतत राहायची, नुसता आवाज व्हावा म्हणून, आणि दुसऱ्या हातानं तोंड दाबून धरायची. एकदा दात हातात रुतले. वण दिसायला लागला तशी नवी कुजबूज सुरू झाली.

पुढच्या गुरुवारी शकू वन्संना मुलांसाठी इस्लामपूरला परत जावं लागलं. दुपारी वळवडीकडचे कुणी लांबचे पाहुणे आले. आत्याबाई त्यांना पाणी द्यायला आत गेल्या, पाहुण्या बायका चपला काढत होत्या, आणि मला दिसलं की जिना मोकळा आहे. कुणी नाही. मी काही ठरवलं नव्हतं. पाय आपोआप उतरले.

कारखाना बंदच होता. महिना झाल्याशिवाय माग चालू करायचे नाहीत असं आत्याबाईंनी सांगितलं होतं. मी आत शिरले, दार ओढून घेतलं आणि आतून आडणा घातला. दाराला आडवा लावायचा लाकडाचा जुना दांडा. तो काढायचं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

अंधार होता. वंगणाचा आणि सुताचा वास. ह्यांच्या मागापाशी जाऊन मी खाली फरशीवर बसले, गुडघे पोटाशी घेतले. अंगावर कुणाची नजर नव्हती. छातीतला दगड हलला. खरंच हलला. मला वाटलं, आता येईल. आत्ता येईल रडू.

तेवढ्यात वरून हाक आली. "मालन?"

मग पावलं. मग पुष्कळ पावलं. "मालन! ए मालन!" न्हाणीत, गच्चीवर, परड्यात. कुणीतरी ओरडलं, "हिरीकडं पळा!" कुणाची तरी चप्पल जिन्यावरून घरंगळत आली. आणि मग कारखान्याच्या दारावर धडका सुरू झाल्या.

"वैनी! आत हाय का तुम्ही? वैनी, ओ द्या!" भावजींचा आवाज.

ओ द्यायला काय लागतं? एक अक्षर. मी तोंड उघडलं होतं. पण ओ दिली की दार उघडावं लागणार, आणि दार उघडलं की सगळ्या आत येणार, हे मला इतकं लख्ख दिसत होतं की आवाजच फुटेना. दार थडथडत होतं. बाहेर आत्याबाई माझं नाव घेत नव्हत्या. त्या "उत्तम, उत्तम" म्हणून किंचाळत होत्या.

खिडकीची काच फुटली. भावजी हात घालून, गज वाकवून कसेबसे आत आले. मनगटापासून कोपरापर्यंत रक्त. मला बसलेली बघून ते तिथंच थांबले. मी जिवंत, धडधाकट, नुसती गुडघे धरून बसलेली.

"वैनी," ते म्हणाले, आणि मोठ्यानं रडायला लागले. मला यायचं ते रडू त्यांना आलं.

त्यांनी आडणा काढला. आत्याबाई आत आल्या, माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि माझ्या तोंडात मारली. मग माझ्या पायाशीच मटकन बसल्या.

त्या संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून माझ्या भावाच्या गावी फोन गेला. ह्याउप्पर ही जोखीम आम्हाला पेलायची नाही, येऊन घेऊन जा. 

दादा दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आला. शिरोळ तालुक्यात त्याची दोन खोल्यांची वस्ती. त्यात तो, वहिनी, चार पोरं आणि वहिनीची आंधळी आई. माणूस मायेचा. येताना माझ्यासाठी पेढे घेऊन आला, आणि पिशवी हातात देताना त्याच्या लक्षात आलं की पेढे आणायची ही वेळ नव्हे. तो ओशाळून उभा राहिला.

"चल बाई," तो म्हणाला. "पोरांत तुझं मन रमंल. एक मिनिट एकटी सोडायची न्हाईत ती तुला."

मी भिंतीला हात लावला.

भावजी हाताला फडकं बांधून कोपऱ्यात बसले होते. आत्याबाई चुलीशी पाठमोऱ्या. माझी कपड्यांची पिशवी कुणीतरी भरूनही ठेवली होती. मला कळत होतं, आत्ता बोलले नाही तर पुढं सगळा जन्म मी कुणाच्या तरी मधे झोपणार. आणि एक दिवस तायव्वाकाकूंची भाची गेली तशी खरंच जाणार. लोक म्हणणार, बघा, आम्ही म्हणत नव्हतो? 

मी स्वयंपाकघरात गेले आणि आत्याबाईंच्या शेजारी खाली बसले.

"आत्याबाई, मला न्हाई जायचं."

त्या वळल्या नाहीत. "हितं तरी कुठं ऱ्हायचंय तुला? माणसं नको झाल्यात तुला आमची."

"माणसं नको न्हाई झालीत. थोडा वेळ नको झालीत."

त्या वळल्या. असं काही त्यांनी पूर्वी ऐकलं नसावं. खरं तर मीही म्हटलं नव्हतं.

"दुपारी जेवणं झाली की थोडा वेळ," मी घाईनं बोलत गेले, कारण थांबले तर परत सुरू करता येणार नाही हे मला माहीत होतं. "माझ्या खोलीत. कडी नको. दार नुसतं लोटून घेते. कुणी ढकलायचं न्हाई, एवढंच. बाकी सगळा दिवस तुम्ही म्हणाल तिथं बसंन, म्हणाल तशी ऱ्हाईन."

"आन् आत जिवाचं काय करून घेतलंस म्हंजे?"

"न्हाई करणार."

"काल ओ दिली न्हाईस तू. पोराचा हात फाटला."

मी भावजींच्या हाताकडे पाहिलं.

"आता देईन," मी म्हणाले. "तुम्ही दाराशी बसा. वाटंल तेव्हा हाक मारा. मी ओ देईन. एकदा जरी दिली न्हाई, तर दादाबरोबर जाते. संध्याकाळची गाडी हायच."

दादा काही बोलायला गेला. आत्याबाईंनी त्याला हातानंच थांबवलं. त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या, काल जिथं मारलं होतं तिथं.

"बगू," त्या म्हणाल्या.

जेवणं झाली. मी खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. बाहेर आत्याबाई चौकटीला टेकून बसल्या, त्याचा आवाज आला. मी पलंगावर टेकले असेन नसेन, तेवढ्यात,

"मालन?"

"ओ."

मी डोळे मिटले.

"मालन?"

"ओ."

"काय करायलीस?"

"बसलीया."

श्वास घ्यायला उसंत मिळेना. एक ओ देऊन होते तो दुसरी हाक. दार लावलेलं होतं, पण आत्याबाई जणू माझ्या मांडीवरच बसल्या होत्या. मला वाटलं, संपलं. मागितलं, मिळालं, आणि तरी काही मिळालं नाही. मी उशी तोंडावर दाबून धरली, आणि हाक आली की बाजूला करून "ओ" म्हणायची, परत दाबायची. आपल्या पिशवीत पातळं कुठली भरलीत याचा विचार करायला लागले. गाडी किती वाजता, बसायला जागा मिळेल का.

मग हाका थांबल्या.

मीच कान देऊन बसले. दाराच्या पलीकडून आत्याबाई बोलायला लागल्या, हळू, स्वतःशी बोलल्यासारख्या.

"माग चालू असलं की उत्तम खालनं हाक मारायचा. च्या पायजे असला की. आवाज वर पोचायचा न्हाई गं, पर मला कळायचं. मी भांडं ठेवायची. अजून मारतोय. खोलीत एकली असलो की मारतोय. आई म्हणून. कुणी जवळ बसलं की थांबतंय."

मी उशी बाजूला ठेवली.

"तुझी राखण म्हणून न्हाई गं मी तुझ्याम्होरं बसत. लोकांला वाटतंय, सासू सुनंला जपती. मला भ्या वाटतंय. तू बोलत न्हाईस, पर असतीस. काल तू खाली गेलीस, मी पाण्याचा तांब्या भरत हुतो, आन् त्येनं हाक मारली. सपष्ट. म्हणून धावत तुला बगाय आलो, तर तू न्हाईस." त्यांचा आवाज चिरकला. "दार उघड की गं, मालन. मी गप बसंन. बोलायची न्हाई. नुसती बसंन कोपऱ्यात."

मी उठले होते. दारापर्यंत गेले होते. हात दारावर होता. म्हातारी आई, पोटचा पोर गेलेला, आणि मागतेय काय तर कोपरा. उघडायला हवं होतं. कुणीही उघडलं असतं. पण मला हेही कळत होतं की आज उघडलं तर हे दार परत कधी लागणार नाही, आणि मग मी त्यांच्यासमोर नुसती बसलेली असेन, आतून मेलेली, आणि कुणाच्याच उपयोगाची नसेन.

"आत्याबाई," मी दाराला कपाळ टेकून म्हणाले, "आत्ता न्हाई उघडत. थोड्या वेळानं उघडते. मी हाय हितंच. तुम्ही बसा."

पलीकडून एक लांब श्वास.

"बरं," त्या म्हणाल्या. "ऱ्हा."

तिथंच, दाराशीच, मी खाली बसले. आणि आलं. पहिला आवाज माझ्या तोंडून निघाला तो मला ओळखू आला नाही, जनावराचा वाटला. मग थांबेचना. ह्यांच्या नावानं रडले. लग्नाच्या अकरा वर्षांत मी ते नाव एकदाही तोंडानं घेतलं नव्हतं. उत्तम, उत्तम म्हणून फरशीवर डोकं ठेवून रडले.

जिन्यावर धावपळ ऐकू आली. "काय झालं? काय झालं गं?" तायव्वाकाकू आणि मागं बोळातल्या दोघीतिघी. पाठोपाठ दादाची जड पावलं. कुणाचा तरी हात दारावर पडला. दार एक बोटभर आत आलं, उजेडाची चीर फरशीवर पडली. अडवायला कडी नव्हतीच. मी श्वास रोखला.

आणि दार परत मिटलं. आत्याबाईंनी ते बाहेरून ओढून घेतलं होतं.

"दाराला हात लावायचा न्हाई कुणी."

"अवं, पर रडतीया ती!" तायव्वाकाकू.

"व्हय. रडतीया. तिच्या नवऱ्यासाठी रडतीया. तुझं काय काम तितं?"

"महिनाभर आपुनच म्हणत हुतो, रडवा म्हणून..."

"म्हणत हुतो. आता ती रडतीया न्हवं, मग?" आणि मग जरा वेळानं, अगदी खालच्या आवाजात, "तू बस हितं. माझ्यापाशी बस. माणूस मला पायजे."

तायव्वाकाकू बसल्याचं मला ऐकू आलं. बांगड्या फरशीला लागल्या. मग बाहेरही कुणीतरी रडायला लागलं. त्या आत्याबाई होत्या.

त्या खोलीला पुढं कधीच कडी बसली नाही. अशोक भावजींचं लग्न झालं, पोरं झाली, घर पुन्हा भरलं, पण दुपारी लोटलेल्या त्या दाराला कुणी बोट लावलं नाही. पोरंसुद्धा तिथून चवड्यावर जायची. आत्याबाई दुपारी तायव्वाकाकूंकडे जाऊन बसायच्या. दोघी म्हाताऱ्या शेवटपर्यंत एकमेकींना सोडून राहिल्या नाहीत. पण हे सगळं पुढचं.

त्या दिवशी माझं रडू संपलं तेव्हा उन्हं कलली होती. बाहेर आवाज नव्हता. दादाची पावलं जिन्यातून खाली गेलेली मी मघाशीच ऐकली होती. एकट्याची. मी पदरानं तोंड पुसलं आणि दार उघडलं. तायव्वाकाकू निघून गेल्या होत्या. आत्याबाई भिंतीला टेकून एकट्याच बसल्या होत्या, डोळे मिटून, काहीतरी ऐकत असल्यासारख्या.

मला कुणी हाक मारली नव्हती. कुणी बस म्हटलं नव्हतं. मी जाऊन त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी डोळे उघडले नाहीत. नुसत्या सरकल्या आणि मला भिंतीशी जागा करून दिली.